वरचा विस्तव

पेडणे-डिचोलीकडच्या जुन्या स्वयंपाकघरांत 'खालीवर विस्तव' हा शब्दप्रयोग नित्याचा होता. तवसाळी कशी करावयाची असे नव्या सुनेने विचारले, तर साहित्य सांगून झाल्यावर सासूचे शेवटचे वाक्य ठरलेले असे, खालीवर विस्तव घालायचा. खाली चुलीतले निवत आलेले निखारे, वर तोपाच्या झाकणावर करवंट्यांचे धगधगीत निखारे, आणि ह्या दोन विस्तवांच्या मध्ये हळदीच्या पानावर थापलेले तवशाचे, गुळाचे आणि तांदळाच्या रव्याचे मिश्रण. तासाभराने झाकण उचलले की वरचा पापुद्रा तांबूस आणि कडा करकरीत झालेल्या असत. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळच्या दिवसांत रव्या-खोबऱ्याचा बाथ ह्याच रीतीने भाजला जाई. भट्टी गावात एकट्या पोदेराकडे. परंतु भट्टीचे काम घराघरांत ह्या एका युक्तीने भागत असे.

ह्या महिन्यात लिहावयाचे आहे ते मात्र स्कोन ह्या विलायती पदार्थाविषयी आणि तो ज्या यंत्रात आता घरोघरी अर्ध्या तासात करता येतो त्या एअर फ्रायरविषयी. आरंभ तवसाळीपासून केला ह्याचे कारण असे की, ह्या दोहोंमधले नाते मला वाटते तितके दूरचे नाही.

चूल गेली ह्याचे दुःख करणाऱ्यांपैकी मी नव्हे. ज्या स्त्रियांनी पावसाळ्यात ओल्या लाकडांवर फुंकणी मारीत आयुष्य काढले, त्यांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना विचारल्याशिवाय चुलीचे गोडवे गाऊ नयेत. गॅसची शेगडी आली हे बरेच झाले. पण तिने एक गोष्ट नकळत नेली. गॅसला ज्वाला आहे, निखारा नाही. आणि ज्वाला उचलून झाकणावर ठेवता येत नाही. वरचा विस्तव गेला. त्याबरोबर तवसाळीही बदलली. बहुतेक घरांत ती आता इडलीसारखी वाफवली जाते, किंवा केलीच जात नाही. वाफवलेली तवसाळी वाईट लागते असे नाही, परंतु ती वेगळीच वस्तू होय. ह्याला शास्त्राधार आहे. पाणी उकळते ते १०० अंश सेल्सिअसला, आणि साध्या पातेल्यातल्या वाफेवर ठेवलेला पदार्थ त्याच्यावर तापत नाही. पदार्थाला जो तांबूस रंग आणि खमंग वास येतो, तो त्यातील साखर व प्रथिने सुमारे १४० अंशांच्या वर एकमेकांशी संयोग पावू लागल्यावर. लुई कामिय मायार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही क्रिया १९१२ साली वर्णिली. आमच्या आज्यांना ती त्याआधीपासून ठाऊक होती. तिचे नाव तेवढे ठाऊक नव्हते.

आता हे यंत्र. फिलिप्स ह्या डच कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ते प्रथम लोकांपुढे मांडले. एअर फ्रायर म्हणजे हवेत तळणारा. भाषेच्या शिक्षकाला ह्या नावाशी भांडण मांडणे भाग आहे, कारण ह्या पेटीत काहीही तळले जात नाही. मराठीने ह्या बाबतीत किती काटेकोर भेद केले आहेत ते पाहावे: तळणे, परतणे, भाजणे, शेकणे, उकडणे, वाफवणे. प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद, आणि स्वयंपाकघरातले मूलही त्यांची गल्लत करीत नाही. तळणे म्हणजे पदार्थ तेला-तुपात बुडणे. ह्या पेटीत पदार्थ कोरडाच राहतो. तिच्या माथ्याशी विजेच्या तारेचे तापणारे वेटोळे असते, त्यावर पंखा. पंखा ती तप्त हवा वेगाने खाली लोटतो, ती जाळीच्या टोपलीभोवती फिरून पदार्थाला सर्व बाजूंनी लागते आणि पुन्हा वर जाते. थोडक्यात, ही एक लहानशी भट्टी आहे. तिचा विस्तव वर आहे, एवढेच लक्षात ठेवावे. गॅसच्या शेगडीत जे हरवले ते येथे आहे, आणि शेगडीत जे आहे ते येथे नाही. पुढच्या कृतीतली निम्मी पथ्ये ह्या एका गोष्टीतून निघतात.

स्कोन हा आज इंग्रजांच्या चहाच्या मेजावरचा पदार्थ म्हणून ओळखला जातो. मूळचा तो स्कॉटलंडचा. गॅव्हिन डग्लस ह्याने व्हर्जिलच्या 'इनिड'चा स्कॉट भाषेत जो अनुवाद १५१३ साली पुरा केला, त्यात हा शब्द लिखित स्वरूपात प्रथम आढळतो. उच्चाराबद्दल खुद्द त्या बेटावरच एकमत नाही. स्कॉटिश लोक 'स्कॉन' म्हणतात, इंग्रजांपैकी कित्येक 'स्कोन' म्हणतात, आणि दोघेही एकमेकांना अडाणी समजतात. परंतु खरी मौज वेगळीच आहे. मूळचा स्कोन फुगलेला नव्हता आणि भट्टीतलाही नव्हता. ओट किंवा बार्ली ह्या भरड धान्यांच्या पिठाची ती चपटी, वाटोळी भाकरी होती. ती लोखंडी तव्यावर भाजीत आणि चार तुकडे करून वाटून घेत. डोंगराळ, पावसाळी मुलुखातल्या गरिबाची भाकरी! नाचणीवर वाढलेल्या माणसाला तिची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

त्या भाकरीचा आजचा खुसखुशीत स्कोन झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याच्या मागे एका नवऱ्याची कळकळ आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड ह्या औषधविक्रेत्याच्या पत्नीला यीस्टचा पाव सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८४३ साली यीस्टवाचून पीठ फुगवणारी एक पूड तयार केली. तीच बेकिंग पावडर. सातवीच्या वर्गात आम्ही खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून जो फेस दाखवतो, तोच हा प्रयोग. सोडा, एक कोरडे आम्ल आणि त्या दोघांना ओलाव्यापासून जपणारा थोडा स्टार्च एकत्र करून ठेवायचे. पाणी लागले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पीठ फुगते. ज्या फुगण्यासाठी एरवी रात्र घालवावी लागे ते काम मिनिटांवर आले.

आमच्या गोव्यात ती रात्र घालवणारा पोदेर होता, आणि सुदैवाने अजून आहे. 'पाव' हा शब्द पोर्तुगिजांचा, 'पोदेर' हाही त्यांचाच. बारदेश-सासष्टीत पाव पोर्तुगीज अमलाबरोबर, म्हणजे सोळाव्या शतकात आला. डिचोली-पेडणे हा नव्या काबिजादीचा मुलूख त्यांच्या हाती अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत गेला. त्यामुळे पाव आमच्याकडे उशिरा पोचला. जुन्या हिंदू घरांतून तर तो बराच काळ संशयानेच पाहिला जाई. पाव खाल्ला की माणूस बाटला, ही समजूत आमच्या पिढीने आज्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. त्याच घरांत आज पातळ भाजी आणि पाव नसला तर सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. पूर्वी हा पाव माडाच्या सुरेने आंबवीत. आता सूर काढणारे रेंदेर विरळा झाले आणि भट्ट्यांतून यीस्ट आले, तरी पीठ मळणे, ते येऊ देणे आणि पहाटे भट्टी लावणे ह्यांतून पोदेराची सुटका झालेली नाही. त्याच्या उंड्याशी वा पोईशी स्पर्धा करण्याचा विचार कोणी घरच्या यंत्राच्या भरवशावर करू नये. ते जमणार नाही, आणि दारात ताजा पाव आणून देणारा माणूस असताना तसे करण्यात शहाणपणही नाही. स्कोन आहे तो दुपारच्या चारसाठी, जेव्हा पोदेराचा भोंपू वाजायला अवकाश असतो आणि पाहुणे मात्र पायरीवर येऊन उभे राहिलेले असतात.

कृती सांगतो. अडीचशे ग्रॅम मैदा, म्हणजे दोन कप. त्यात तीन सपाट लहान चमचे बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ चाळून मिसळावे. मैदा नको वाटणाऱ्यांनी चौथा हिस्सा नाचणीचे पीठ घालावे. त्याहून अधिक घातल्यास स्कोन हातात घेताच कोसळतो. ह्या पिठात पंचावन्न ग्रॅम लोणी बोटांच्या टोकांनी चोळावयाचे, इतके की पीठ ओल्या रेतीसारखे दिसावे. लोणी खारट असेल तर मीठ वगळावे. लोणी थंड आणि घट्ट असणे हे पहिले पथ्य. पिठात राहिलेले त्याचे बारीक कण भाजताना वितळतात, त्यांच्या जागी पोकळी राहते आणि स्कोनाला पापुद्रे सुटतात. लंडनमधल्या बाईला हे सांगावे लागत नाही. वैशाखात आमच्याकडे लोणी बशीतच पाझरू लागते. म्हणून मैदा आणि लोणी दोन्ही अर्धा तास शीतकपाटात ठेवावीत. आणखी एक सोय आमच्याजवळ आहे, जी लंडनमधल्या बाईच्या हाताशी क्वचितच असते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांच्या खाली गोठते. शीतकपाटात ते दगडासारखे होते. घरच्या घाण्याचे खोबरेल असे गोठवून किसणीवर किसून पिठात मिसळावे आणि दुधाऐवजी नारळाचा घट्ट रस घ्यावा. हे स्कोन लोण्याच्या स्कोनांहून किंचित भुसभुशीत होतात. पण त्यांचा वास मला स्वतःला अधिक आवडतो.

आता सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर थंड दूध, त्यात चमचाभर लिंबाचा रस. ते एकदम न ओतता थोडथोडे घालून पीठ सुरीने गोळा करावे. आणि येथे थांबावे. आमच्या हातांचा सारा संस्कार आता मळण्याचा आग्रह धरील. तो मानू नये. तांदळाची वा नाचणीची भाकरी मळण्यावर उभी असते, कारण त्या पिठांत चिकटपणा नसतो आणि तो मनगटातून आणावा लागतो. गव्हात तो उपजतच आहे, मळल्याने वाढतो, आणि पावाला जो ताण हवा असतो तोच स्कोनाला मारक ठरतो. भाकरी उत्तम थापणाऱ्या बायकांचे स्कोन चामट झालेले पाहिले आहेत. त्यांत त्यांच्या कसबाची उणीव नव्हती, कसबच आड आले. गोळा खडबडीत दिसला तरी चालेल.

ओट्यावर मैदा भुरभुरवून हा गोळा हातानेच अडीच सेंटिमीटर जाडीचा थापावा. लाटणे नको. पाच सेंटिमीटर तोंडाचा स्टीलचा पेला मैद्यात बुडवून सरळ खाली दाबावा आणि सरळ वर उचलावा. पेला फिरवला तर कडा चिकटून बंद होतात आणि स्कोन एका अंगाला कलंडून फुगतो. सातआठ नग होतात. माथ्यावर दुधाचे बोट फिरवावे, कडेला ओघळू देऊ नये. हे सारे झटपट व्हावे. ओलावा लागल्या क्षणापासून बेकिंग पावडरीतला वायू सुटू लागलेला असतो आणि भिजवून ठेवलेल्या पिठातून तो फुकट जातो.

एअर फ्रायर १८० अंशांवर तीन मिनिटे रिकामा तापवावा. टोपलीत चारपाच स्कोन एकमेकांना जवळ जवळ, पण न चिकटता ठेवावेत. शेजार असला की ते वर फुगतात. दहा ते बारा मिनिटे पुरतात. पुस्तकांतून खाली कागद घालावयास सांगतात. कागद रिकाम्या टोपलीत तापवण्यासाठी ठेवला तर पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तारेला चिकटतो आणि जळतो, हे ध्यानात ठेवावे. मी कागदाऐवजी हळदीच्या पानाचा तुकडा प्रत्येक स्कोनाखाली घालतो. विस्तव वर असल्यामुळे माथा लवकर रंगतो आणि बूड फिकट राहते. म्हणून नवव्या मिनिटाला पान काढून स्कोन उलटे करावेत आणि शेवटची दोनतीन मिनिटे बुडाला ऊब द्यावी. माथा त्याआधीच काळवंडू लागला तर अंश १६० करावेत. सर्व पेट्यांचा स्वभाव एकसारखा नसतो.

पावसाळ्यासाठी एक सूचना. आमच्या हवेत बेकिंग पावडर डब्यातल्या डब्यात मरते. वापरण्यापूर्वी अर्धा चमचा पूड कढत पाण्यात टाकून पाहावी. फेसाळली तर जिवंत, गप्प राहिली तर फेकून द्यावी. डबा जूनमध्ये आणलेला असेल तर गणेश चतुर्थीला ही परीक्षा घेतल्यावाचून स्कोनाला हात घालू नये.

स्कोन गरम असतानाच हाताने दोन फाकी कराव्यात, सुरी लावू नये. डेव्हनमध्ये आधी साय आणि वर मुरंबा, कॉर्नवॉलमध्ये आधी मुरंबा आणि वर साय, ह्यावरून इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला आहे. आमच्याकडे मांगाडाची बरणी असते आणि साय नेहमी वर टाकण्याची सवय. तेव्हा आम्ही आपोआप कॉर्नवॉलच्या पक्षाला जातो.

विजेचा हिशोब विचारणारे पुष्कळ असतात. पेटी १४०० वॅटची असेल तर दोन खेपा मिळून सत्तावीस मिनिटांत अधिकांत अधिक पाऊण युनिटाच्या आत खर्च होतो. मधूनमधून तार आपोआप बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. मात्र ही पेटी सहा अँपिअरचा प्रवाह ओढते. ती पंख्याच्या वा दिव्याच्या साध्या प्लगला लावू नये. फ्रिज-गिझरसाठी असतो तो जाड पिनांचा, सोळा अँपिअरचा प्लगच हवा. आमच्या भागातल्या जुन्या घरांचे वायरिंग पाहता ही गोष्ट दोनदा सांगितली तरी अधिक होणार नाही.

एवढ्याशा टोपलीत काय होणार, असाही आक्षेप येतो. तो खरा आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरात पंगतीला चौदा पाने मांडली जात. तवसाळीचा तोप दोघांनी उचलावा लागे. आज त्याच घरात आम्ही तिघे आहोत. मुले नोकरीच्या गावी, भावंडे पणजीला आणि मुंबईला. गावातली कितीतरी घरे अशीच आहेत: ओटी मोठी, माजघर मोठे, आणि संध्याकाळी उजेड एकाच खोलीत. अशा घरात एका वृद्ध बाईसाठी तोपभर तवसाळी कोण करणार आणि खाणार कोण? चूल काढली त्या वर्षापासून आईने तवसाळी केली नव्हती. वाफवलेली तिने एकदाच चाखली आणि बशी बाजूला सारली. ह्या पेटीची टोपली लहान आहे हे खरे. आमची पंगतही तेवढीच उरली आहे.

एका दुपारी मी स्कोन करीत असता आई खुर्ची ओढून समोर बसली. ऐंशी ओलांडली आहे, भाकरी आता चावत नाही. पेटीच्या काचेतून वरची तार लालबुंद झालेली तिला दिसली. तिने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "म्हळ्यार वयर उजो आसा मरे!" म्हणजे वर विस्तव आहे तर. स्कोनाचा अर्धा तुकडा तिने दुधात बुडवून खाल्ला, बरा आहे म्हणाली, आणि लगेच विचारले, "तवशे आहे का घरात?"

तवसे होते. एक वाटी तांदळाचा जाडसर रवा तिने स्वतः परतून घेतला. दोन वाट्या तवशाचा कीस त्याच्या पाण्यासकट, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, मीठ आणि वेलची हे सारे कढईत घट्ट होईतो शिजवले. पेटीत मावेल अशा लहान डब्यात हळदीचे पान घालून त्यावर ते थापले. पहिली वीस मिनिटे डब्यावर घट्ट झाकण, अंश १६०. मग झाकण काढून आणखी दहा मिनिटे. वर तांबूस पापुद्रा आला. कडा करकरीत झाल्या, पण बूड पूर्वीसारखे लागले नाही. कारण खाली निखारे नव्हते. आईने ते बरोबर ओळखले. त्यावर तिनेच उपाय सांगितला: डबा बाहेर काढून पाच मिनिटे गॅसवरच्या तापल्या तव्यावर ठेव. खालचा विस्तव शेगडीचा, वरचा पेटीचा. तेव्हापासून आमच्याकडे असेच करतात.

राहता राहिली वीज जाण्याची गोष्ट. ज्येष्ठ-आषाढात आमच्याकडे ती न सांगता जाते आणि भिजवलेले पीठ तिच्यासाठी थांबत नाही. अशा वेळी पेला बाजूला ठेवावा. गोळा दीड सेंटिमीटर जाडीचा वाटोळा थापून सुरीने चार तुकडे करावेत. बिडाचा तवा मंद आचेवर तापवून, त्यावर किंचित मैदा भुरभुरवून तुकडे मांडावेत, झाकण घालावे. सहासात मिनिटांनी उलटून पुन्हा तितकाच वेळ. सोळाव्या शतकातला स्कॉट शेतकरी असाच भाजीत असे. माथा फुगत नाही, रंग दोन्ही अंगांना येतो, आणि गरम असताना वर लोणी घालून खाल्ला तर वीज केव्हा आली ह्याकडे कोणाचे लक्ष राहत नाही.